एकोणसाठ हर्ट्झवरचे अण्णा

"फ्लेक्स मी घरीच करतो," हे वाक्य संतोषच्या तोंडून निघालं तेव्हा त्याच्या तोंडात अख्खी जिलबी होती. त्यामुळे ते कुणाला नीट कळणार नाही, असा त्याचा अंदाज होता. पण सासुरवाडीत जावयाचं नको ते वाक्य सगळ्यांना बरोबर ऐकू जातं.

प्रसंग आनंदाचा होता. त्याचे सासरे सावळीराम, म्हणजे घरादाराचे अण्णा, निफाडजवळच्या आपल्या गावात सोसायटीचे बिनविरोध चेअरमन झाले होते. सोसायटी म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणारी. पार्किंगवरून भांडणारी नव्हे. रविवारी सत्कार होता आणि फाट्यावर अण्णांचा मोठा फ्लेक्स लागायचा होता.

आता संतोषला हा उद्योग अंगावर घ्यायची गरज काय होती, असं कुणीही विचारेल. गरज होती. अण्णांचे थोरले जावई केदूराव यांचं निफाडला ठिबकच्या पाइपांचं दुकान होतं. पाहुण्यांशी ओळख करून देताना अण्णा छाती पुढे काढून म्हणत, "हे आमचे ठिबकवाले जावई." मग संतोषकडे वळत, खाकरत, आभाळाकडे बघत आणि म्हणत, "आन् हे धाकले. हे सातपूरला कंपनीत... हायेत."

हायेत! कंपनीत पाण्याचा कूलरही असतो. तो काय करतो हे निदान सगळ्यांना माहीत असतं. संतोष स्टोअरला होता. आलेल्या मालाची कंप्युटरवर नोंद करायचा. हे त्याने अण्णांना एकदा समजावून सांगितलं होतं. अण्णांनी बराच विचार करून विचारलं होतं, "म्हंजे उतरवून कोन घेतं? तुम्हीच का?" तेव्हापासून त्याने नाद सोडला होता. पण फाट्यावर वीस फुटी फ्लेक्स लागला आणि तो धाकट्या जावयाने कंप्युटरवर केला हे गावाला कळलं, म्हणजे अण्णांना पुढच्या वेळी आभाळाकडे बघावं लागणार नव्हतं.

घरी येऊन त्याने कंप्युटर चालू केला. जुन्या मॉनिटरने एकदा निळसर उजेड टाकला, सगळ्यांकडे पाहिलं आणि डोळे मिटले ते कायमचेच.

कंपनीतला साई गेम खेळणारा मुलगा. त्याच्याकडे एक मॉनिटर पडून होता. "भाऊ, खुशाल ने. काम झालं की आणून दे," तो म्हणाला. हा मॉनिटर पाटाएवढा उंच आणि बाकाएवढा लांब होता आणि दोन्ही कडांनी आत वळलेला होता. संतोषने तो मोटरसायकलवर, मागे बसलेल्या बायकोच्या, म्हणजे पायलच्या मांडीवर आडवा ठेवून आणला. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने आपुलकीने विचारलं, "ताई, कुठल्या गाडीचा बंपर आहे?"

जिन्यात समोरच्या ब्लॉकमधले रंगनाथकाका भेटले. काका कारखान्यातून वायरमन म्हणून निवृत्त झाले होते, पण वायरींना ते अजून माहीत नव्हतं.

"अरे, वाकलेला माल घेतलास?"

"काका, तो तसाच असतो. कर्व्ह्ड."

"असं देणारा म्हणतो. उन्हात राहिला असेल. वरून वजन ठेव, बसेल सरळ."

मॉनिटर जोडला. चित्र आलं, पण सगळंच पसरलेलं. पडद्यावरचा कचऱ्याचा डबा घमेल्यासारखा दिसत होता. वॉलपेपरवर पायल आणि संतोषचा लग्नातला फोटो होता. त्यात दोघंही एकेक तालीम चालवत असावेत असं वाटत होतं. पायलने तो फोटो बघितला आणि पोळ्यांचा डबा झाकून ठेवला.

"अर्थिंग," काका म्हणाले. आयुष्यात जे काही बिघडतं ते अर्थिंगमुळे, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यात त्यांच्या धाकट्या भावाचा संसारही आला. त्यांनी खिशातून टेस्टर काढून मॉनिटर, टेबल, फ्रीज आणि ओघात संतोषलाही लावून पाहिला. कुठेच दिवा लागला नाही. संतोषच्या बाबतीत लागला नाही याचं त्यांना विशेष वाटलं नाही.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या झुंबरबाई आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण बिल्डिंगमध्ये नवं खोकं वर गेलं की त्या मागोमाग जात. "पडद्याचं तोंड दक्षिणेला केलंस ना? मग पसरणारच. पूर्वेला फिरव."

संतोषने आपण विज्ञान मानतो असं स्पष्ट सांगितलं आणि टेबल फिरवलं. वायर पुरेना, म्हणून कंप्युटरचा डबा चौरंगावर आला. चौरंग रिकामा झाला म्हणून त्यावरची सत्यनारायणाची पोथी मायक्रोवेव्हवर गेली. चित्र होतं तसंच राहिलं. आता फक्त ते पूर्वेला पसरलं होतं.

मग साईला फोन लावला. साई म्हणाला, "भाऊ, तुझा कंप्युटर जुना, मॉनिटर नवा. त्याला जे माप पाहिजे ते तुझ्या यादीतच नसेल. कस्टम रिझोल्यूशन बनव. किती आडवे ठिपके, किती उभे ठिपके ते टाक, खाली रिफ्रेश रेट टाक. अरे, माझी शिफ्ट सुरू झाली, फोन गेटवर जमा करतो." आणि साई रात्रीपर्यंत या जगातून नाहीसा झाला.

"रिफ्रेश रेट म्हणजे?" काकांनी विचारलं.

"एका सेकंदात पडदा किती वेळा नव्याने चित्र काढतो ते. हर्ट्झमध्ये मोजतात."

"कशाला इतक्या वेळा? एकदा काढलं की झालं. माझ्या लग्नाचा फोटो एकदाच काढलाय, अजून आहे."

मॉनिटरच्या पाठीवर मोठ्या अक्षरात एकशे चव्वेचाळीस लिहिलेलं होतं. संतोषने तेच टाकलं. पडदा काळा झाला आणि त्यावर ‘आउट ऑफ रेंज’ अशी एक चौकट या कडेपासून त्या कडेपर्यंत निवांत फिरू लागली. आजवर हे उत्तर त्याला फक्त केदूरावांच्या फोनकडून मिळालं होतं, तेही आहेर काय करायचा हे विचारलं तेव्हा.

मग साठ टाकलं. आता चित्र आलं, मापातही आलं. डबा डब्यासारखा दिसू लागला. पण सगळा पडदा अंगात आल्यासारखा घुमत होता. मधोमध प्रश्न उभा होता: हे बदल ठेवायचे का? आणि शेजारी पंधरा सेकंद उलटे मोजले जात होते.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा प्रश्न ज्या कुणी लिहिला त्याला आपल्याकडच्या घरात निर्णय कसा होतो याची कल्पना नसावी. संतोष म्हणाला, "पायल, ठेवायचं का?" पायल म्हणाली, "थांबा, हात पुसून येते." झुंबरबाई म्हणाल्या, "घाई करू नका. एकदा ठेवलं की ठेवलं." काका म्हणाले, "आधी चष्मा आणतो." काका चष्मा घेऊन आले तेव्हा कंप्युटरने वाट पाहून सगळं पूर्ववत केलं होतं. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी पायल वेळेवर आली, पण म्हणाली, "एकदा सविताताईला विचारू का?" सविताताई म्हणजे तिची थोरली बहीण, केदूरावांची बायको. पायलच्या माहेरी दिवाणखान्याचा रंग ठरवायला दोन दिवाळ्या लागल्या होत्या. तिच्या मानाने हा प्रश्न ती लवकर सोडवत होती.

शेवटी काकांनीच शोध लावला. वायरीचं टोक मॉनिटरच्या मागे जिथे शिरत होतं, तिथे ते बोटाने थोडं वर उचलून धरलं की चित्र एकदम शांत होत असे. "बघ! म्हटलं नव्हतं अर्थिंग? आता मीच अर्थिंग."

काका वायर धरून उभे राहिले. काम सुरू झालं. संतोषने अण्णांचं नाव टाईप केलं, त्याला सोनेरी रंग दिला, सावली दिली, सावलीला सोनेरी रंग दिला. मग काकूंनी समोरून हाक मारली, "अहो, जेवायला येताय की तिथेच अर्थिंग लावून घेताय?" काका गेले. पडद्याच्या अंगात पुन्हा संचार झाला. वायरीला रबर लावलं, कपड्यांचा चिमटा लावला, झुंबरबाईंनी केसांतला आकडा काढून दिला. पण काकांच्या बोटाची सर कशालाच नव्हती.

तेव्हा संतोषने मापच कमी करून बघायचं ठरवलं. आडवे ठिपके कमी केले. साठला पडदा जरासा हलत होता. वर जाऊन उपयोग नव्हता, म्हणून तो एक पायरी खाली उतरला. एकोणसाठ.

चित्र गप्प उभं राहिलं. संतोषला भरून आलं. बारावीला त्याला एकोणसाठच टक्के पडले होते. एका टक्क्याने फर्स्ट क्लास हुकला म्हणून घरात आठवडाभर सुतक होतं. आणि आज जिथे साठवाले थरथरत होते तिथे एकोणसाठ पाय रोवून उभा होता. ‘हे बदल ठेवायचे का?’ त्याने कुणालाही न विचारता ‘ठेवा’ दाबलं. संसाराला लागल्यापासून त्याने एकट्याने घेतलेला हा पहिला निर्णय होता, आणि तो चुकला.

कारण कमी केलेले ठिपके मॉनिटरने पडदाभर ताणून बसवले होते. पहिल्याइतके नाही, पण बरेच. दिवसभर घमेलं बघितलेल्या माणसाला ते कळलंच नाही.

त्याने अण्णांचा फोटो घेतला. अण्णा भलतेच रुंद दिसत होते. "अण्णा एवढे नाहीयेत हो," पायल म्हणाली.

"फोटो केदूरावांच्या फोनवरचा आहे," संतोष म्हणाला. त्याला यापेक्षा जास्त पुरावा लागला नाही. त्याने फोटोची कड धरली आणि अण्णा अण्णांसारखे दिसेपर्यंत आत ढकलली. पायलने मान डोलावली. मग शुभेच्छुक घेतले. तेही सगळे रुंद होते. आख्खा गाव एकदम जाड कसा झाला, असा प्रश्न त्याला पडला नाही. यंदा द्राक्षाला भाव बरा मिळाला असेल असं वाटलं. त्याने एकेकाला धरून मापात आणलं. कोपऱ्यातला द्राक्षाचा घड घेतला तर मणी टोमॅटोसारखे बसके. ते ढकलून त्याने अण्णांच्या बागेतल्या मण्यांसारखे केले. पायलने काही शुभेच्छुक नात्याने मोठे असून खालच्या ओळीत गेल्याचं दाखवलं, तेव्हा त्यांना वर घेतलं. एका मामेसासऱ्यांना गॉगलसह हवं होतं, तो घातला. खाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘संकल्पना व डिझाइन : संतोष (धाकटे जावई)’.

फाइल निफाडच्या छपाईवाल्याला गेली. त्याने खात्रीसाठी पायलच्या फोनवर चित्र पाठवलं.

"अहो, फोनमध्ये अण्णा बारीक दिसतायत."

"फोनच अरुंद आहे," संतोष म्हणाला. "एवढ्याशा जागेत कुणीही अंग चोरूनच उभं राहणार."

पायलला हे पटलं. ते दोघांनाही पटलं, हीच या लग्नाची ताकद होती.

शनिवारी केदूरावांनी फाट्यावर फ्लेक्स चढवला. संध्याकाळी सासूबाईंचा, म्हणजे लताबाईंचा फोन आला. आवाज दबका होता.

"जावईबापू, पायलला सांगू नका. आमच्या ह्यांना कायतरी झालंय."

"काय झालं?"

"म्हाईत नाय. फाट्यावर जो तो म्हनू राहिला, सावळीराम लय खराब झालाय. आर्धा राहिलाय म्हने."

"अण्णा आहेत कुठे?"

"हे काय, समोर बसून भाकर खाऊ राहिले. तिसरी हाय. पन एवढे लोक म्हनता म्हटल्यावर..."

मागून अण्णांचा आवाज आला, "कोन खराब झालं? ठेचा दे जरा."

रविवारी सकाळी संतोष आणि पायल फाट्यावर उतरले. संतोषने मान वर केली. वीस फुटांवर अण्णा उभे होते, पण निम्मे गावाला ठेवून आल्यासारखे. गाल आत, खांदे आवळलेले, फेटा मात्र उंच. शुभेच्छुकांच्या दोन्ही ओळी उपासाला बसल्यासारख्या दिसत होत्या. एक क्षण संतोषला वाटलं, फ्लेक्स बरोबर आहे आणि जगच ताणलं गेलंय. मॉनिटरसमोर दोन दिवस बसलं की असं होतं. मग त्याने आधी पायलकडे आणि मग जमिनीकडे पाहिलं.

फ्लेक्सखाली केदूराव कमरेवर हात ठेवून उभे होते. केदूराव मुळातच काटकुळे. "पाव्हणं," ते म्हणाले, "यात मी कुठंय?"

संतोषने बोट दाखवलं. दोन काकांच्या मधे जी उभी फट वाटत होती, ते केदूराव होते.

"हां," केदूराव म्हणाले. "मला वाटलं तिथं शिवण हाय."

शेजारी दोन बागायतदार मोटरसायकली लावून फ्लेक्सच्या कोपऱ्यातल्या द्राक्षाच्या घडाकडे बघत होते. त्यांना अण्णांशी काही देणंघेणं नव्हतं. "लांब मनी हाय, भो. सावळीरामनं थॉमसनची बाग काढून सोनाका लावलेला दिसतो."

"मला बोलला नाय."

"कशाला बोलंल? गुपचूप लावला आसंल. चल, बागेत बघून येऊ."

घरी वेगळाच गोंधळ होता. अण्णांची थोरली बहीण कुसाबाई एसटीने येताना खिडकीतून फ्लेक्स बघून फाट्यावरच उतरली होती आणि तिथून घरापर्यंत रडत चालत आली होती. अंगणात तिला अण्णा खुर्चीवर बसलेले दिसले. ती थबकली. त्यांच्या तोंडावरून हात फिरवत तिने नवा सूर लावला, "सूज आली रं बाबा तुझ्या अंगावर! तिकडं कसा चांगला कडक दिसत व्हता!"

सोसायटीतल्या दुसऱ्या गटाने तर चहाच्या टपरीवर सांगून टाकलं होतं की माणूस आजारी आहे, खुर्ची चालवणं काही त्याला झेपायचं नाही. अण्णा हे सगळं ऐकून होते. त्यांनी फक्त पांढरा सदरा घातला, संतोषकडे एक नजर टाकली आणि मंडपाकडे निघाले. ती नजर पाहून संतोषला वाटलं की ‘कंपनीत हायेत’ हेसुद्धा आता हातचं जाणार. सातपूरला कुणी जावई आहे हेच अण्णा विसरून जातील.

पण मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी सत्काराला हार घालणारे आणि घालून घेणारे एवढेच लोक येतात. आज अण्णा आजारी आहेत का बघायला आख्खा गाव, आणि सोनाका लावलाय का विचारायला शेजारची दोन गावं आली होती. अण्णा स्टेजवर चढले तेव्हा फळ्या करकरल्या. तो आवाज ऐकून सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

अण्णांनी माईक हातात घेतला. "मला काय बी झालेलं नाय," ते म्हणाले. "हे कशामुळं झालं ते आमचे धाकले जावई सांगतील."

संतोष उभा राहिला. त्याला पळून जाता आलं असतं, पण बूट मंडपाबाहेर होते. त्याने सगळं खरं सांगून टाकलं: मेलेला मॉनिटर, वाकलेला मॉनिटर, आडवे ठिपके, उभे ठिपके, काकांचं बोट. साठला पडदा थरथरत होता आणि एकोणसाठला शांत झाला, हे त्याने दोनदा सांगितलं. मंडप गंभीरपणे ऐकत होता. बागायतदार माणसाला एक अंश इकडेतिकडे झाला की काय होतं ते समजावून सांगावं लागत नाही.

"म्हंजे," शेवटी पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी विचारलं, "मानूस हाय तेवढाच राहतो, फकस्त दिसतो बारीक?"

"हो."

"औषध नाय, पथ्य नाय?"

"नाही."

मंडपात कुजबुज सुरू झाली. ती आधी बायकांच्या बाजूने उठली. रंगूबाई नावाच्या एक भरभक्कम मावशी उभ्या राहिल्या. "जावईबापू, माझ्या लेकीचं लगीन हाय. पत्रिकेवर आमचा दोघांचा फोटो टाकायचाय. जमंल का?"

संतोषने अण्णांकडे पाहिलं. अण्णा स्टेजवरून रांगेकडे बघत होते. रांग लागली होती. ठिबकच्या दुकानात हंगामाला लागते तशी. केदूराव त्या रांगेला सरळ करत होते, कारण त्यांना सवय होती. तेवढ्यात तालुक्याहून आलेल्या पाहुण्यांनी अण्णांना विचारलं, "हे कोण?"

अण्णा खाकरले नाहीत. छाती पुढे काढून, रंगूबाईंनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे आमचे धाकले जावई. कंप्युटरवर मान्सं बारीक करायचं काम हाय त्यांचं. सातपूरला लय मोठी कंपनी हाय."

संतोषने तोंड उघडलं, आपण स्टोअरला नोंदी करतो असं सांगण्यासाठी. मग मिटलं. माणसाने आपली योग्यता जाणून गप्प बसावं.

कार्यक्रम झाल्यावर मंडळी घरी आली. फ्लेक्स उतरवायचा का, असं केदूरावांनी विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, "राहू दे. लांब मनी बघून यापारी तरी येईल." मग त्यांनी संतोषला गोठ्यामागे बोलावलं, इकडेतिकडे बघितलं आणि खिशातून एक जुना, दुमडलेला फोटो काढला. त्यात तरुण अण्णा आणि तरुण लताबाई एका रंगवलेल्या पडद्यासमोर ताठ उभे होते.

"हा मोठा करून द्या," अण्णा हळूच म्हणाले. "भित्तीवर लावायचाय. मला करा कितीबी बारीक. पन हिला हात लावू नका. हिला हाय तशीच राहू द्या. मी तशीच पसंत केली व्हती."

या कामासाठी कुठल्या मॉनिटरला किती हर्ट्झ लावायचे, ते साईलाही माहीत नसणार.

गोठ्याच्या भिंतीपलीकडे बादली जोरात आपटली.

"त्यांचं काय बी ऐकू नका, जावईबापू," लताबाईंचा आवाज आला. "दोघांनाबी सारखंच बारीक करा."